भेट द्यावी कोणते पुस्तक? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

आगमनकाळ, म्हणजे नाताळापूर्वीचे चार आठवडे, सुरू होण्याआधीच यंदा या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. नाताळ, लग्न, पहिला कम्युनियन (प्रभुभोजनाची भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) किंवा संडे स्कूलचे बक्षीस या निमित्ताने घरच्या माणसाला, मित्राला किंवा मुलाला कोणते ख्रिस्ती पुस्तक द्यावे आणि त्याच्याबरोबर आणखी काय द्यावे, असे वाचक विचारतात. त्यांतली सात पत्रे निवडून त्यांना या अंकात उत्तरे दिली आहेत. मी अनेक वर्षे आमच्या मंडळीच्या वाचनालयाचे कपाट सांभाळले आहे. कोणते पुस्तक हातोहात फिरते आणि कोणते वर्षानुवर्षे जागचे हलत नाही, हे त्या कपाटासमोर बसून जे पाहिले, त्याच्याच आधारावर ही उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : माझी नात नऊ वर्षांची आहे आणि जानेवारीत तिचा पहिला कम्युनियन आहे. ती इंग्रजी शाळेत शिकते. घरी आम्ही सामवेदी ही वसईकडची बोली बोलतो आणि चर्चमध्ये मराठी मिस्सा होते. तिला चित्रांचे इंग्रजी बायबल द्यावे, मराठी ती अडखळत वाचते, असे मुलाचे म्हणणे आहे. मला मात्र मराठीच द्यावेसे वाटते. मी हट्टाने वागते आहे का?
— एक आजी, वसई

उत्तर : आजी, तुमचा हट्ट योग्य आहे. मुलाचे म्हणणेही खोटे नाही, पण त्याने नातीची शाळेची भाषा पाहिली आणि तुम्ही तिची प्रार्थनेची भाषा पाहिलीत. ती दर रविवारी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणते ते मराठीत. जी भाषा तिच्या ओठांवर आहे, ती तिच्या डोळ्यांनाही ओळखीची व्हावी यासाठी कम्युनियनसारखा दुसरा प्रसंग नाही. इंग्रजी बायबल तिला पुढे शाळेतून, मैत्रिणींकडून, कुठूनही मिळेल. मराठी पुस्तक तुम्ही दिले नाहीत, तर ते बहुधा कोणीच देणार नाही.

पुस्तक निवडताना मात्र तिच्या अडखळण्याचा विचार अवश्य करा. समोरासमोरच्या दोन पानांत एक गोष्ट संपेल, अक्षर ठसठशीत असेल आणि वाक्ये आखूड असतील, असेच पुस्तक घ्या. दुकानात उभ्या उभ्या त्यातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट स्वतः मोठ्याने वाचून पाहा. तुमचीच जीभ एखाद्या जोडाक्षरावर अडली, तर ते पुस्तक परत ठेवा. संपूर्ण बायबल घ्यायचे ठरले, तर आधी अनुक्रमणिका उघडा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलमध्ये ६६ असतात. अनुक्रमणिकेत मक्काबींची पुस्तके (ती प्रॉटेस्टंट प्रतीत नसतात) दिसली, तर ती प्रत तुमच्या चर्चमध्ये चालणारी आहे असे समजा. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकात हा फरक फारसा जाणवत नाही, पण पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात तिच्या बायबलमध्ये एखादे पुस्तक सापडले नाही, तर तिचा उगीचच गोंधळ होईल.

आता त्याहून महत्त्वाचे सांगतो. एक गोष्ट तुम्ही मराठीत वाचा आणि पुस्तक मिटून तीच गोष्ट तिला सामवेदीत सांगा. पुस्तकातली मराठी आणि आजीची सामवेदी एकमेकींना धरून चालल्या, म्हणजे त्या मुलीला दोन्ही परक्या वाटणार नाहीत. आपल्या भागात शुभवर्तमान कित्येक पिढ्या ऐकूनच पाठ झाले आहे आणि ज्या आज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांनीच ते नातवंडांना शिकवले आहे.

बरोबर जपमाळ द्यायची असेल, तर दोऱ्यात ओवलेली द्या. मुलांच्या हातात बारीक साखळीची जपमाळ महिनाभरात तुटते आणि ५९ मण्यांपैकी निम्मे पलंगाखाली जातात. ती धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घ्या आणि ठेवायला छोटी कापडी पिशवी स्वतः शिवा. शेवटचे म्हणजे हे सारे कम्युनियनच्या दिवशी देऊ नका. त्या दिवशी पांढरा फ्रॉक, पाहुणे, पाकिटे आणि केक यांच्या गर्दीत पुस्तक टेबलावर कुठेतरी पडून राहील. आठवडाभर आधी, संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर, घरात कोणी पाहुणा नसताना द्या आणि पहिली गोष्ट त्याच वेळी वाचा.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना बारीक अक्षर वाचवत नाही. आयुष्यभर रोज पहाटे बायबल वाचणारा माणूस आता नुसता बसून राहतो. त्यांना नाताळला नव्या, सोप्या मराठीतले बायबल द्यावे असा माझा विचार आहे. आपले मत काय?
— एक मुलगी, अहिल्यानगर

उत्तर : ताई, नवे भाषांतर त्यांना देऊ नका. तुम्हाला वडिलांविषयी किती वाटते हे पत्राच्या ओळीओळीत दिसते, म्हणूनच माझ्या हातून झालेली चूक तुम्हाला सांगतो. माझी आत्या पंचाहत्तर वर्षांची झाली, तेव्हा मी तिच्यासाठी नव्या भाषांतराचे सुंदर बायबल नेले. वर्षभराने पाहिले, तर ते प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट कपाटात होते आणि तिच्या उशाशी तेच जुने, पाठ निखळलेले, जाड दोऱ्याने बांधलेले बायबल होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाळा, ह्यातलं बोलणं माझ्या ओळखीचं नाही रे.” तिला वचने तोंडपाठ होती, पण ती जुन्या शब्दांत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ही ओळ तिने लहानपणापासून जशी ऐकली होती, तशीच ती कानावर पडली तर तिचे मन स्थिर होई. एक शब्द जरी बदलला, तरी तिला दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखे वाटे.

म्हणून वडील जे भाषांतर वाचत आले, तेच मोठ्या अक्षरांत शोधा. संपूर्ण मोठ्या अक्षरांचे बायबल वजनाला फार जड असते आणि मांडीवर घेतले तर म्हातारी मनगटे दुखतात. त्यापेक्षा नवा करार आणि स्तोत्रसंहिता एवढेच वेगळे मिळाले तर अधिक चांगले. त्याच्याबरोबर पोथी ठेवतात तशी लाकडी ठवणी द्या. दोन फळ्या एकमेकींत अडकवून केलेली ती घडीची बैठक जुन्या पेठेत किंवा पूजेच्या साहित्याच्या दुकानात मिळते आणि तिच्यावर पुस्तक डोळ्यांच्या समोर, तिरके, न हलता राहते. दिव्याचा उजेड डाव्या खांद्यावरून पडेल अशी खुर्ची मांडा. भेटवस्तू म्हणून ठवणी फार साधी वाटेल, पण तुमचे वडील बहुधा तीच सर्वांत जास्त वापरतील.

डोळ्यांनी अगदीच साथ सोडली, तर मराठी बायबलचे ध्वनिवाचन मोबाईलवर ऐकता येते. लावण्यापूर्वी ते कोणत्या भाषांतराचे आहे, ते तपासा. मोबाईल त्यांना जमत नसेल, तर रोज सकाळी कोणीतरी तो लावून ठेवणे हीच भेट समजा. तुमच्याकडे ‘उपासना संगीत’ हे भक्तिगीतांचे पुस्तक घरात असणारच. त्यातली रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते वडिलांना पाठ असतील, तर नातवंडांनी ती त्यांच्याकडून ऐकून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. ज्या शिक्षकाने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवले, त्याला कोणीतरी पुन्हा ‘शिकवा’ म्हणून सांगणे याहून मोठी भेट मला तरी सुचत नाही.

प्रश्न : माझी जिवलग मैत्रीण हिंदू आहे. ती मराठीची प्राध्यापिका असून पुढच्या महिन्यात निवृत्त होते आहे. तिला ख्रिस्ती परंपरेतले एखादे मराठी पुस्तक द्यावे असे फार वाटते, पण मी धर्मप्रचार करते आहे असे तिला किंवा तिच्या घरच्यांना वाटू नये, याचीही काळजी आहे. काय द्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मनातला संकोच मला समजतो. पण ख्रिस्ती माणसांनी मराठीत लिहिलेले पुस्तक हे मराठीचेच पुस्तक आहे, आणि मराठीच्या प्राध्यापिकेपुढे ते ठेवताना क्षमा मागण्याचे कारण नाही. हेतू स्वच्छ असेल, तर तो दोन ओळींच्या पत्रात लिहून द्या. “तुझ्या भाषेवरच्या प्रेमासाठी” एवढे तीन शब्दही पुरे होतील.

सर्वांना चटकन सुचेल ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला आणि मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान अढळ आहे. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात गेलेले बालपण, अकराव्या वर्षी झालेले लग्न, मनस्वी नवरा (हेच रेव्हरंड टिळक), १८९५ साली त्याने घेतलेला बाप्तिस्मा, त्यानंतरची ताटातूट आणि काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने उचललेले तेच पाऊल हे सारे लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरात बसून सांगावे अशा बोलीत लिहिले आहे. पण तुमची मैत्रीण मराठीची प्राध्यापिका आहे. तिने ते वाचलेच असणार आणि कित्येक वर्षे शिकवलेही असेल. तिच्याकडे साधी प्रत असेल, तर नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टिपांसह सिद्ध केलेली आवृत्ती देता येईल. तरीही निवृत्तीच्या भेटीसाठी मी दुसरेच पुस्तक सुचवीन, ते म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’.

स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेज्वीट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. ते १५७९ साली गोव्यात आले, सासष्टीत त्यांनी आपले आयुष्य घालवले आणि १६१९ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचे हे पुराण १६१६ साली गोव्यातल्याच रायतूर येथे छापले गेले. पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र, अशी एकूण जवळजवळ अकरा हजार ओव्यांची ही रचना आहे. ती कशी सुचली तेही ग्रंथातच आले आहे. नवख्रिस्ती लोकांनी जुनी पुराणे सोडली होती आणि त्यांच्या जागी वाचायला काही नव्हते. त्यांच्यातल्या एका ब्राह्मणाने पाद्रींना विचारले, की आम्हाला आमच्या भाषेत असे काही का नाही? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे पुराण झाले. मला या प्रसंगाचे फार अप्रूप वाटते, कारण वाचकाने आपली वाचण्याची भूक बोलून दाखवली आणि लिहिणाऱ्याने ती भूक त्या वाचकाच्याच छंदात भागवली. ज्ञानेश्वरी वाचलेल्या माणसाला ओवीची चाल शिकवावी लागत नाही.

तुमच्या मैत्रिणीला पुस्तक देताना त्यातली ही ओवी पहिल्या पानावर आपल्या हाताने लिहा :

जैसी हरळांमाजि रत्नकिळा ।
कीं रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भासांमाजि चोखाळा ।
भासा मराठी ॥

हरळ म्हणजे खडे. खड्यांत रत्नाचे तेज उठून दिसावे आणि रत्नांतही निळा हिरा, तशी सर्व भाषांत निर्मळ भाषा मराठी, असे सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसाने चारशे वर्षांपूर्वी म्हटले. पुढच्याच ओव्यांत तो मराठीला फुलांतली मोगरी आणि सुगंधांतली कस्तुरी म्हणतो. निवृत्त होणाऱ्या मराठीच्या शिक्षिकेला याहून योग्य मानपत्र कोणते? देवनागरीतली शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली आवृत्ती १९५६ साली निघाली. ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली, तर सोडू नका. भाषा जुनी आहे आणि तिच्यात कोकणी शब्दही पुष्कळ आहेत, त्यामुळे हे पुस्तक भराभर वाचून होणार नाही. ते मोठ्याने वाचावे लागते आणि निवृत्तीनंतर त्यासाठी वेळ असतो.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चे नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेल. १८५७ साली आलेली ही कादंबरी मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते आणि हिंदू विधवांच्या हालांविषयी इतक्या कळवळ्याने तोपर्यंत फारसे कोणी लिहिले नव्हते. मात्र तिची नायिका शेवटी ख्रिस्ती होते आणि लेखकाचा तो हेतू उघड आहे. अभ्यासक म्हणून तुमची मैत्रीण ती आवडीने वाचेल, पण तुम्हाला ज्या गैरसमजाची भीती वाटते तो याच पुस्तकाने होण्याचा संभव आहे, म्हणून या प्रसंगी ते टाळा. बायबलच द्यावे असे पुढे कधी तिनेच सुचवले, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ द्या. ते सर्वसाधारण मराठी वाचकाला समोर ठेवून केलेले आहे, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या लेखकाचे पुस्तक म्हणून तिच्या घरात त्याचे स्वागतच होईल.

प्रश्न : धाकट्या भावाचे लग्न आहे. नवदांपत्याला आम्ही भावंडे मिळून मोठे कौटुंबिक बायबल देणार आहोत. बाजारात कातडी बांधणीची, सोनेरी कडांची बरीच बायबले दिसतात. चांगले कसे ओळखावे?
— एक बहीण, नागपूर

उत्तर : सोनेरी कडांकडे पाहू नका, पाठ पाहा. बायबल मधोमध उघडून टेबलावर ठेवा. पाने आपोआप सपाट राहिली आणि मध्ये शिवणीचा दोरा दिसला, तर ती शिवून केलेली बांधणी आहे आणि ती पन्नास वर्षे टिकेल. पाने पुन्हा मिटू लागली किंवा मधल्या खाचेत नुसता डिंक चमकला, तर वरचे कातडे कितीही मऊ असले तरी दोन पावसाळ्यांत पाने सुटू लागतील. आमच्या वाचनालयात एका देणगीदाराने दिलेल्या दहा प्रतींपैकी सात प्रती अशाच गेल्या, तेव्हापासून मी दुकानदाराची परवानगी घेऊन प्रत्येक प्रत अशी उघडून पाहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कागदाची. बायबलचा कागद इतका पातळ असतो, की शाईच्या पेनाने लिहिलेले मागच्या पानावर उमटते. कौटुंबिक बायबलमध्ये जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींची पाने जरा जाड कागदाची आहेत ना, ते पाहा आणि लिहिताना बारीक टोकाचे बॉलपेन घ्या. पहिली नोंद तुम्ही करू नका. लग्नाची तारीख आणि चर्चचे नाव त्या दोघांनीच, लग्नाच्या संध्याकाळी, एकाच पेनाने लिहू द्या. तुम्ही भावंडांनी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला फक्त आईवडिलांची, आजीआजोबांची नावे आणि त्यांची मूळ गावे लिहून ठेवा. आजोबांचे गाव कोणते, हे पुढच्या पिढीला त्याच पानावरून कळेल.

त्या घरात क्रूसही द्यायचा असेल, तर आधी वहिनींच्या माहेरची मंडळी कोणती आहे ते विचारा. कॅथलिक घरात ख्रिस्ताची मूर्ती असलेला क्रूस भिंतीवर लावतात, तर बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत नुसता, मूर्तीविना क्रूस असतो. ही गोष्ट लहान वाटते, पण न विचारता दिलेला क्रूस खिळ्यावर लागत नाही.

प्रश्न : आमच्या संडे स्कूलमध्ये ३५ मुले आहेत, बहुतेक शेतमजुरांची. वर्षाखेरच्या बक्षिसांसाठी मंडळीने दोन हजार रुपये दिले आहेत. दरवर्षी आम्ही वचन लिहिलेली प्लॅस्टिकची चौकट किंवा किल्लीची साखळी देतो. यंदा पुस्तके द्यावीत असे वाटते, पण एवढ्या पैशांत ते कसे जमवावे?
— एक संडे स्कूल शिक्षक, जालना

उत्तर : दोन हजारांत ३५ मुलांना प्रत्येकी सत्तावन्न रुपये येतात आणि तेवढ्यात टिकाऊ पुस्तक क्वचितच मिळते. म्हणून प्रत्येकाला एकच छोटी पुस्तिका देण्यापेक्षा सतराशे रुपयांची निरनिराळी पंधरा-वीस चांगली पुस्तके घ्या आणि ती सगळ्या मुलांची मिळून एका पत्र्याच्या पेटीत ठेवा. उरलेल्या पैशांत जाड रंगीत कागद आणि रेशमी दोरा आणा आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या आवडीचे वचन लिहून खूणपट्टी करू द्या. ती खूणपट्टी त्याच्या मालकीची राहील आणि तो वाचेल त्या प्रत्येक पुस्तकात ती त्याच्याबरोबर जाईल. वर्षभर हजेरी चांगली असलेल्या मुलाला बक्षीस म्हणून पेटीतले पुस्तक सर्वांत आधी निवडायचा मान द्या. हा मान मुलांना किल्लीच्या साखळीपेक्षा मोठा वाटतो, हे मी दोन वर्षे पाहिले आहे.

पेटीत केवळ बायबलच्या गोष्टी ठेवू नका. रेव्हरंड टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात ते उगीच नाही. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ होऊन धडपडत पिलांकडे परतणाऱ्या पक्षिणीची त्यांची कविता पाठ्यपुस्तकांतून कित्येक पिढ्या रडत वाचत आल्या. ती कविता मुलांना कळण्यासाठी येशूचे नाव तीत असावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती मंडळींनी मुलांच्या वाचनाची काळजी फार पूर्वीपासून वाहिली आहे. अमेरिकन मिशनने १८७३ साली ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले, तेव्हा मराठीत मुलांसाठी नियतकालिके जवळजवळ नव्हतीच.

मुलांच्या घरी आईवडिलांना वाचता येत नसेल किंवा अडखळत येत असेल, हेही लक्षात ठेवा. पुस्तक निवडताना पंडिता रमाबाईंची कसोटी लावा. केडगावच्या मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कोणाच्या मदतीशिवाय समजावे म्हणून. संस्कृतातल्या मोठ्या पंडिता असूनही त्यांनी अवघड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. आश्रमातल्या मुलींनी आणि स्त्रियांनीच त्या बायबलचे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, जुळवले आणि छपाई केली. काम पुरे होता होता, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. तुम्ही पुस्तक हातात घ्याल तेव्हा, शेतातून संध्याकाळी घरी आलेल्या आईला मुलाने एक पान वाचून दाखवले, तर तिला ते कळेल का, एवढेच स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ आले, तर ते पुस्तक पेटीत ठेवा.

प्रश्न : आम्ही गेली वीस वर्षे लंडनमध्ये आहोत. माझी पंधरा वर्षांची मुलगी मराठी समजते, थोडेफार बोलतेही, पण देवनागरी वाचू शकत नाही. कोल्हापूरला तिचे आजोबा आहेत. त्यांच्या भाषेतले काहीतरी ख्रिस्ती वाचन तिच्यापर्यंत पोहोचावे असे वाटते. रोमन लिपीत मराठी लिहून दिले, तर ते चुकीचे ठरेल का?
— एक आई, लंडन

उत्तर : मुळीच नाही. वर ज्या ‘क्रिस्तपुराणा’विषयी लिहिले आहे, ते १६१६ साली छापले गेले तेच रोमन लिपीत, कारण गोव्याच्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. फादर स्टीफन्सना ते मिळावेत अशी इच्छा होती, पण मिळाले नाहीत म्हणून त्यांनी ओव्या लिहिणे थांबवले नाही. तुमच्या मुलीला रोमन लिपीतून मराठी वाचायला देणे हे त्या परंपरेला धरूनच आहे.

तरी छापील पुस्तकापेक्षा एक वही सुचवतो. चांगल्या जाड कागदाची, शिवलेली वही घेऊन ती कोल्हापूरला पाठवा. आजोबांना प्रत्येक डाव्या पानावर देवनागरीत आपल्या आवडीचे एक वचन लिहायला सांगा आणि ते आपल्याला का आवडते, हे खाली दोन ओळींत लिहायला सांगा. वडील गेले त्या रात्री कोणते स्तोत्र वाचले, पहिल्या नोकरीच्या दिवशी कोणते वचन आठवले, असे काही. उजवे पान कोरे राहू द्या. वही लंडनला आली, की फोनवर आजोबांनी वचन वाचावे आणि मुलीने ऐकून ते उजव्या पानावर रोमन लिपीत उतरवावे. दहाव्या-बाराव्या पानापर्यंत ती डावीकडचे अक्षर ओळखू लागेल, कारण ते आजोबांचे अक्षर आहे. पंधराव्या वर्षी मुलांना कोणी आपल्याला धडे देत आहे असे वाटले, की ती पुस्तक मिटतात. आजोबांचे गुपित वाचायला मिळाले, तर मिटत नाहीत.

प्रश्न : आईच्या निधनानंतर तिचे बायबल माझ्याकडे आले आहे. कसरीने ते इतके खाल्ले आहे, की पान उलटले तर तुटते. रद्दीत देववत नाही आणि ठेववतही नाही. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रद्दीत देऊ नका. प्रथम ते कोरड्या, ऊन नसलेल्या जागी पसरून एकेक पान हलक्या हाताने पाहा. समासात आईने पेन्सिलने काही लिहिले असेल, एखादा वाळलेला पिंपळपानाचा जाळीदार तुकडा असेल, जन्ममृत्यूंच्या नोंदी असतील. त्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. नोंदींची पाने सुटी करून पातळ, स्वच्छ कागदात ठेवा आणि डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. कोकणच्या दमट हवेत दर पावसाळ्यानंतर डबा उघडून तो पाला बदलावा लागेल. उरलेले पुस्तक आपल्या धर्मगुरूंना किंवा पाळकांना विचारून, प्रार्थना करून, घराच्या आवारात स्वच्छ जागी पुरा. तुम्ही कोकणात राहता, तर त्यावर आईच्या आवडीचे एखादे झाड लावता येईल.

आणि एक विनंती. आईने समासात ज्या वचनांना खुणा केल्या होत्या, ती आपल्या स्वतःच्या बायबलमध्ये शोधून तशाच खुणा करा आणि शेजारी बारीक अक्षरात ‘आई’ एवढेच लिहा.